तीन दिवस हजर

अकराव्या दिवशी पागधऱ्यांच्या अंगणात भांडण झालं, ते दर्भाच्या पुतळ्यावरून. कुंदनचा देह मिळाला नव्हता. दांडेवाडीच्या बोटी चार दिवस वरखाली फिरल्या, दातिवऱ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याला निरोप गेले. मग घरोघरच्या चुली आठवल्या तशा एकेक करून बोटी परत धंद्याला लागल्या. देह नसला की दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मागचे दिवस करायचे, असा रिवाज. भटजींना सांगूनही झालं होतं. आणि त्या अकराव्या दिवशी, शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर धर्मेश घरी आला तो चपलाही न काढता म्हणाला, "आय, पुतळा आता नको. मार्चपर्यंत थांबू."

वत्सला वलांडीवरचे बोंबील उतरवत होती. सुतक असलं म्हणून बोंबील वाळायचे थांबत नाहीत. तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि थोरल्या लेकाकडे बघितलं.

"मेलेलं मानूस मार्चपर्यंत ठेवतात का रं?"

"मेला असं कुटं लिवलंय अजून? नाय लिवलं तेच बरं."

"गावाला ठाऊक हाय."

"गावाला ठाऊक असूदे. सरकारला नाय."

हे बोलताना धर्मेशची मान खाली होती. तो वाईट माणूस नव्हता. मुख्याध्यापक होता, आणि चौदा वर्षं, त्यातली नऊ बिनपगारी, मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला वाईट व्हायलासुद्धा सवड मिळत नाही. शाळा त्याच्या बापानं काढलेली. जानू पागधरे गेला त्याला आता सहा वर्षं झाली, पण त्याचा रिवाज गाव अजून सांगत असे: दर बोटीनं दर फेरीला एक पाटी मासळी शाळेची. ती पाटी डोक्यावर घेऊन वत्सला पालघरच्या बाजारात बसायची आणि विकून येईल त्यातून मास्तरांचे पगार व्हायचे. थोडेच, पण व्हायचे. मग नऊ वर्षांपूर्वी शाळा अनुदानास पात्र झाल्याची यादी आली. जानूनं गावभर पेढे वाटले, आणि गावानं शहाणपणा केला, पाटी बंद केली. आता सरकार देणार म्हटल्यावर मासळी कोण देतो? यादी आली, पैसा आला नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं नऊ वर्षं थांबले, जानू तर थांबता थांबता गेला.

पाटी गेली, पगार नाही, मग मास्तरांनी आपापलं बघितलं. चित्रकलेचे सर बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळी करून लाल डोळ्यांनी शाळेत येत. तानी टीचर शिकवण्या घ्यायच्या. आणि गणिताचा कुंदन, धर्मेशचा धाकटा भाऊ, महिन्यातून दोन फेऱ्या सुकामामाच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. चार दिवसांची फेरी. तेवढे दिवस नववी-दहावीचं गणित धर्मेश घ्यायचा आणि हजेरीपटावर कुंदन हजर असायचा. गैरहजर दाखवला असता तर त्याच्या नेमणुकीची मान्यता गेली असती, आणि मान्यता गेली की अनुदान येईल तेव्हा त्याच्या वाट्याला काही नाही. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. कुणी कुणाला नावं ठेवत नव्हतं.

या दिवाळीनंतर एकदाचा आदेश निघाला. पहिले वीस टक्के अनुदान. अट एवढीच, की चालू महिन्याच्या हजेरीपटाच्या प्रती मुख्याध्यापकानं प्रमाणित करून द्याव्यात. धर्मेश शुक्रवारी स्वतः कोळगावच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत जाऊन त्या देऊन आला, पोचेचा शिक्का घेऊन आला. येताना पेढे घेऊ का, असा विचारही त्याच्या मनात आला होता. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, सुकामामाची बोट कुंदनशिवाय बंदराला लागली.

बुधवारी पहाटे जाळं ओढताना कुंदन पाण्यात गेला होता. बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी तो शाळेत हजर होता. कागद तसं सांगत होता आणि कागदावर धर्मेशचा शिक्का होता.

"मास्तरांची तेरा घरं हायत आय," धर्मेश म्हणाला. "पोलिसात गेलो, कुंदन बोटीवर होता बोललो, तर मस्टर खोटं. मस्टर खोटं तर प्रस्ताव खोटा. मी तर निलंबित होईनच, त्याचं नाय मला. पन ते वीस टक्के परत जातील. परत कदी येतील?"

"आनि पुतळा केला तर?"

"बारावं झालं की भटजी बोलनार, पाव्हने बोलनार, पंचायतीत नोंद मागनार. झाकली मूठ हाय ती झाकलेलीच राहूदे. मार्चला पैसे खात्यात पडूदेत. मग बघू."

घराच्या दारात उन्नती उभी होती. तिचं कपाळ कुंकवाचं. अकरा दिवस झाले तरी ते कुणी पुसलं नव्हतं आणि पुसू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. तिला त्याचीच चीड येत होती.

"मार्चला काय बघनार, दादा?" तिनं विचारलं.

धर्मेश चपला काढायला वाकला. उत्तर त्याची बायको मंदा देणार होती.

*

मंदा शाळेत मराठी शिकवायची, सोळा वर्षं. लग्न होऊन आली तीच वर्गावर गेली, असं घरात थट्टेनं म्हणत. सोळा वर्षांत तिनं स्वतःच्या पगाराची साडी घेतली नव्हती. आता तो पगार दाराशी आला होता आणि धाकट्या दिराच्या मरणापेक्षा आपल्याला त्या पगाराचीच काळजी जास्त वाटते, हे तिला पहिल्या रात्रीच कळलं होतं. लाज वाटली होती. पण लाज वाटून काळजी कमी होत नाही.

"उन्नती, हितं बस," ती म्हणाली. "ऐक. मी ऑफिसातल्या एकांना विचारलं, नाव न घेता. ते बोलले, मानसानं राजीनामा दिला की मस्टरचा प्रश्न मिटतो. एप्रिलच्या तारखेचा राजीनामा. मग मे महिन्यात हरवल्याची तक्रार. तुझ्या भाविकाला आमी काय कमी पडू देनार हाय का? पगार सुरू झाला की पयला भाग तिचा."

"राजीनामा कोन लिवनार, ताई?"

 धर्मेश तुळशीकडे बघायला लागला. खरं तर अंगणातल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं. हजेरीपट धर्मेशच्या पिशवीतून घरी यायचा आणि फेरीच्या आदल्या संध्याकाळी कुंदनच्या सह्या उन्नती करायची. पुढच्या चारही दिवसांच्या, एका बैठकीत. कुंदन तोवर तेल लावून पाय चोळत बसलेला असायचा. माझ्यापेक्षा माझी सही हिचीच चांगली येते, असं तो पाहुण्यांनाही सांगायचा आणि सगळे हसायचे.

"तुजं अक्षर..." मंदा हळूच म्हणाली.

"माजं अक्षर," उन्नती म्हणाली. "मंगळवारी तीन सह्या मी केल्या. शनिवारची नाय केली, शनिवारी सकाळीच येनार बोलले होते." तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "मी त्यांना जित्ता ठेवला, ताई. मीच. ते पान्यात होते तवा मी केलेल्या सहीवर ते शाळेत होते. आता परत करू? एप्रिलपर्यंत रोज करू?"

सुकामामा इतका वेळ ओट्यावर बसला होता. वत्सलेचा सख्खा भाऊ, बोटीचा मालक आणि बोट हाकणारा तांडेल. भाच्यावर त्याचा जीव होता, हे खोटं नाही. पण कुंदनचं नाव त्यानं खलाशांच्या यादीत कधी घातलंच नव्हतं, कारण शाळेच्या मास्तराचं नाव बोटीच्या यादीत कसं घालणार? म्हणूनच बुधवारी बिनतारी यंत्रावर त्यानं कुणाला कळवलं नव्हतं. अडीच दिवस आपलं आपणच शोधलं होतं. बोटीचा परवाना जाईल, ही भीती त्याला भाच्याच्या आठवणीइतकीच छळत होती, आणि आठवणीपेक्षा भीती लवकर तोंडात येते.

"पोरी, येक सांगू?" तो म्हणाला. "तू पोलिसात जाशील. पन माज्या यादीत सा मानसं. साही परत आली. मला विचारलं तर मी काय सांगनार? कुंदन माज्या बोटीवर नव्हता."



धर्मेशला हायसं वाटायला हवं होतं. मामाचं आणि त्याचं म्हणणं एकच होतं. पण उठली ती मंदा. तिला आपण का उठलो ते नंतरही नीट सांगता आलं नाही.

"नव्हता?" ती म्हणाली. "मग कुटं होता, मामा? शाळेत होता? मी शेजारच्याच वर्गावर होते, मला नाय दिसला! बोटीवर नव्हता, शाळेत नव्हता, तर मग हाक मारा त्याला, घरात असेल! मारा की हाक!"

"मंदा," धर्मेश म्हणाला.

"तुमी गप बसा. मार्चपर्यंत गप बसा बोलताय ना सगळ्यांना, मग तुमी पन बसा." आणि ती रडायला लागली. सोळा वर्षांच्या पगारासाठी की दिरासाठी, तिचं तिलाही कळत नव्हतं. तिनं जाऊन उन्नतीचा हात धरला. "राजीनामा नाय लिवायचा. मी बोलले ते इसर."

*

वत्सला हे सगळं बसून ऐकत होती. तिचं मन दोन्हीकडे ओढत होतं आणि तिला ते कुणाला दाखवायचं नव्हतं. शाळेच्या मंडळाची ती अध्यक्ष. जानूच्या मागे नाव लावायचं म्हणून लावलेली अध्यक्ष, सही करायला शिकलेली, बाकी वाचायला अडखळणारी. पण त्या शाळेच्या भिंतीत तिच्या डोक्यावरच्या पाट्या होत्या. पालघरच्या बाजारात गिऱ्हाइकाशी चार आण्यांसाठी भांडताना ती म्हणायची, मास्तरच्या पगाराची मासळी हाय, कमी नाय होनार. नवऱ्यानं मरताना तिच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. शाळा बघ, एवढंच म्हणाला होता.

म्हणून बोट परत आल्यापासून ती धर्मेशच्या बाजूची होती. तोंडानं बोलली नव्हती, पण होती. पुतळ्याला चार महिन्यांनी अग्नी दिला तर काय बिघडतं, हे तिनं स्वतःलाच दोनदा विचारून पाहिलं होतं.

तेवढ्यात फाटकाशी देवू आला. मनोरच्या वरच्या डोंगरातला, चाळिशीचा खलाशी, भातकापणी झाली की दर साली बोटीवर येणारा. जाळ्याच्या पलीकडे कुंदनच्या जोडीला तोच होता. त्याला बघून सुकामामा ओट्यावरून उठला.

"तुला कोनी बोलावलं?"

"कोनी नाय, शेठ." देवू आत आला नाही. "आईला भेटाया आलू. मी उद्या गावाला जातू. परत बोटीवर नाय येनार. जायच्या आदी सांगतू, पोलिसात सांगाचा आसल तर मी सांगन. मी बगितला."

"तू काय बगितलंस रं?" वत्सलेनं विचारलं. आठ दिवसांत तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं. भाऊ सांगायला आला तेव्हाही तिनं हातानं थांबवलं होतं.

"आई, दोर पायात आला त्याच्या. जाळ्यानं वढला त्याला. मी उडी मारली. पन इंजिन बंद व्हईपत्तर..." देवूनं मान हलवली. "दोनदा हात दिसला."

"काय बोलला का?"

"बोलला."

"काय?"

देवूनं सुकाशेठकडे बघितलं, मग खाली बघितलं. "दोर कापा, बोलला. शेठ बोलले, जाळा जाईल, थांब, मशीन उलटी फिरवतो."

सुकामामा पायरीवर खाली बसला. त्यानं नाही म्हटलं नाही. साठीचा माणूस, भावकीत ज्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. "पाच मिनटं, वत्सू," तो म्हणाला. "मला वाटलं पाच मिनटात मोकळा होईल. देवाशपथ."

वत्सलेला भावाचा राग यायला हवा होता. आला नाही. जाळ्याची किंमत तिला ठाऊक होती आणि समोरच्या पायरीवर बसलेल्या माणसानं एक चूक केली, तशीच आपण आठ दिवस करत होतो, हे तिला लख्ख दिसलं. जाळं वाचवायला तो थांबला. शाळा वाचवायला आपण थांबलो. पोर दोन्हीकडे पाण्यातच.

"धर्मेश," ती म्हणाली, "कागद घे."

"कसला?"

"शाळेचा, शिक्क्याचा. लिव. कुंदन मंगळवारच्या रातीपासून बोटीवर होता. शाळेत नव्हता. मस्टरवर हाय ते खोटं. खाली मी सही करते."

"आय, शाळा जाईल. बाबांची शाळा."

"शाळा तुज्या बापाची. पोरगा माजा."

"तेरा घरं—"

"मोजून दाखवू नको. मला ठाऊक हायत. त्या तानीच्या घरी मी सोता जाईन, तिच्या शिव्या मी खाईन. चित्रकलेच्या सरांचे पाय धरीन. पन त्यांचे पगार माज्या पोराला बुडवून नकोत. येकदा बुडला तेवढा बास."

 धर्मेशनं मामाकडे बघितलं, तिकडून काही येणार नव्हतं. मंदाकडे बघितलं. तिनं मान फिरवली, पण आत जाऊन शाळेची पिशवी घेऊन आली ती तीच. तो ओट्यावर बसला, लेटरहेड मांडीवर घेतलं आणि लिहायला लागला. चौदा वर्षं त्यानं 'सेवेशी सविनय सादर' असं लिहून शेकडो कागद वर पाठवले होते, एकाचंही धड उत्तर आलं नव्हतं. या कागदाचं उत्तर मात्र लगेच येणार होतं. तीन ओळींचं पत्र लिहायला त्याला अर्धा तास लागला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सागरी पोलीस ठाण्यात गेले. धर्मेश, वत्सला, उन्नती आणि गावाला जायचं थांबवलेला देवू. सुकामामा बोलावल्याशिवाय मागून आला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत बोलावतील तेव्हा येईन म्हणाला.

उन्नतीला वाटलं होतं, इथं भांडावं लागेल. आठ दिवस ती मनातल्या मनात याच टेबलाशी भांडत आली होती. हरवलेला मेला म्हनायला सात वर्षं लागतात, तेवढी वाट मला बघायची नाय, माजा नवरा हरवला नाय, मेला हाय, तसं लिवा. वाक्यं पाठ झाली होती. पण ठाणे अंमलदार म्हातारा, थकलेला हवालदार निघाला. त्यानं पत्र वाचलं, परत वाचलं, आणि चष्मा काढला.

"सर, हे मस्टर तुम्हीच प्रमाणित केलंय. आणि तुम्हीच खोटं म्हणताय?"

"हो."

"कळतंय ना काय होईल?"

"कळतंय," धर्मेश म्हणाला.

"त्यातल्या सह्या माज्या हायत," उन्नती म्हणाली. "तेवढं पन लिवा. त्यांनी नाय केल्या."

हवालदारानं तिच्याकडे बघितलं आणि तेही लिहिलं. मग देवूचा जबाब झाला. मग सुकामामाला आत बोलावलं. तो उभ्यानं बोलला, आणि काही लपवलं नाही. दोराचंही सांगितलं. वत्सला भिंतीला टेकून ऐकत राहिली. दोन तास गेले. कुणी चहा आणला, तो कुणी घेतला नाही. खिडकीतून खाडीच्या तोंडाशी दोन बोटी बाहेर पडताना दिसत होत्या, त्यातली एक दांडेवाडीचीच होती.

शेवटी हवालदारानं कागद तिच्यापुढे सरकवला.

"बाई, खबर देणार तुम्ही. मी वाचून दाखवतो. माझे पती कुंदन जानू पागधरे, वय एकोणचाळीस, व्यवसाय शिक्षक व मासेमारी, हे बोटीवरून समुद्रात पडून बुडून मयत झाले आहेत. बरोबर?"

बरोबर होतं. शब्द न् शब्द तिला हवा होता तसा होता. याच एका शब्दासाठी ती सासूशी, दिराशी, सगळ्या घराशी वैर घ्यायला निघाली होती. मंदाताईनं हात धरला तेव्हा तिला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

"इथं सही करा."

तिनं पेन घेतलं. कागदावर टेकवलं. आणि तिच्या मनात आलं, की ही केली नाही तर? कागदावर तो अजून हजर होता. खोटा असेल, पण होता. तिच्याच हाताचा होता. घरी भाविका रोज विचारायची, बाबांची फेरी संपली का, आणि अजून कुणी तिला नाही असं सांगितलं नव्हतं. दुनियेत एवढी एकच जागा उरली होती जिथं कुंदन पागधरे सकाळी साडेसातला आला आणि दुपारी साडेबाराला गेला, आणि ती जागा पुसायला पेन तिच्या हातात होतं.

"थांबा," ती म्हणाली. "जरा थांबा."

"नाव लिहिता येतं ना, बाई?"

"येतं."

पण हात हलेना. धर्मेश म्हणाला, "उन्नती, नको करूस वाटत असेल तर..." आणि त्याच्या आवाजात अजून थोडी आशा होती, ती तिला ऐकू आली. तिनं त्याला दोष दिला नाही. तिच्याही मनात तीच होती.

वत्सला भिंत सोडून पुढे आली. तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. सोडवायला नाही, ढकलायलाही नाही, नुसता ठेवला.

"कर, बाय," ती म्हणाली. "मी काल केली. मलाबी नाय होत होती."

उन्नतीनं सही केली, आपल्या स्वतःच्या नावाची. हवालदारानं तारीख घातली, शिक्का मारला, आणि पागधऱ्यांचा कुंदन त्या सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मेला.